बिॲट्रिस शिलिंग

बिॲट्रिस शिलिंग (८ मार्च, १९०९ - १८ नोव्हेंबर, १९९०) या ब्रिटिश विमान-अभियंता आणि मोटारसायकल व मोटार शर्यतपटू होत्या. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात रोल्स-रॉइस मर्लिन या विमान-इंजिनाच्या इंधनपुरवठ्यातील एक घातक दोष त्यांनी आखलेल्या छोट्या धातूच्या चकतीमुळे मोठ्या प्रमाणात आटोक्यात आला. स्पिटफायर आणि हरिकेन या लढाऊ विमानांचे नाक एकाएकी खाली झुकवले की इंजिनाची शक्ती जात असे आणि प्रसंगी इंजिन बंद पडत असे. पंपाकडून कार्बोरेटरकडे जाणाऱ्या इंधनाच्या प्रवाहाला योग्य ती मर्यादा घालून शिलिंग यांनी हा धोका कमी केला. फार्नबरो येथील रॉयल एअरक्राफ्ट एस्टॅब्लिशमेंट या सरकारी संशोधन संस्थेत त्यांनी १९३६ ते १९६९ या काळात काम केले. ब्रुकलँड्सच्या शर्यतमार्गावर ताशी १०० मैलांपेक्षा अधिक वेगाने फेरी पूर्ण करून सुवर्णतारा मिळवणाऱ्या त्या दुसऱ्या महिला होत.

बालपण

शिलिंग यांचा जन्म इंग्लंडच्या दक्षिणेकडील हॅम्पशायर परगण्यातील वॉटरलूव्हिल या गावी झाला. त्यांचे वडील खाटकाचा व्यवसाय करीत. यंत्रांची ओढ त्यांना लहानपणापासूनच होती. खाऊसाठी मिळालेले पैसे त्या हत्यारे आणि जोडकामाचे साहित्य विकत घेण्यात खर्च करीत. मेकॅनो हा धातूच्या सुट्या पट्ट्या व खिळे-चाक्या जोडून यंत्रांच्या प्रतिकृती बनवण्याचा खेळ त्या काळी मुलांमध्ये लोकप्रिय होता. त्याच्या मासिकाने घेतलेल्या स्पर्धेत शिलिंग यांना बक्षीस मिळाले होते. वयाच्या चौदाव्या वर्षी त्यांनी एक मोटारसायकल मिळवली. तिचे इंजिन उघडून पुन्हा जोडण्याचा छंद त्यांना लागला आणि पुढे अभियंताच व्हायचे हे त्यांनी ठरवून टाकले.

मुलीने अभियांत्रिकी शिकणे ही गोष्ट त्या काळच्या इंग्लंडमध्ये सहज घडणारी नव्हती. पहिल्या महायुद्धात हजारो स्त्रियांनी कारखान्यांत यंत्रे चालवली होती. परंतु युद्ध संपल्यावर सैनिक परतले आणि बहुतेक स्त्रियांना ती कामे सोडावी लागली. या पार्श्वभूमीवर १९१९ मध्ये ब्रिटनमध्ये स्त्री अभियंत्यांची संस्था, विमेन्स इंजिनिअरिंग सोसायटी, स्थापन झाली. शिलिंग यांचा पुढील मार्ग या संस्थेच्या वर्तुळातूनच खुला झाला.

उमेदवारी

शालेय शिक्षण संपल्यावर शिलिंग यांनी मार्गारेट पार्ट्रिज यांच्या विद्युत अभियांत्रिकी व्यवसायात उमेदवारी केली. पार्ट्रिज या विमेन्स इंजिनिअरिंग सोसायटीच्या प्रमुख कार्यकर्त्यांपैकी होत्या. डेव्हन परगण्यात राहून त्या खेड्यापाड्यांत वीज पोहोचवण्याची कामे घेत आणि उमेदवार म्हणून तरुण मुलींना आवर्जून संधी देत. शिलिंग यांनी तेथे घरांत तारा ओढणे, जनित्रे बसवणे व चालवणे ही कामे प्रत्यक्ष हाताने केली.

त्या काळात कायद्याचाही अडसर होता. उद्योगांमध्ये स्त्रियांना रात्रीच्या वेळी कामावर ठेवण्यास १९१९ च्या आंतरराष्ट्रीय कराराने मनाई केली होती. स्त्रियांच्या संरक्षणासाठी केलेला हा नियम वीजकेंद्रासारख्या रात्रंदिवस चालणाऱ्या ठिकाणी स्त्री अभियंत्यांच्या मार्गातील धोंड ठरत होता. जबाबदारीच्या पदांवरील स्त्रियांना या मनाईतून वगळण्याची तरतूद १९३४ मध्ये झाली. शिलिंग यांची उमेदवारी त्यापूर्वीची होती. त्यांची हुशारी ओळखून पार्ट्रिज यांनीच त्यांना विद्यापीठात जाऊन पदवी घेण्यास प्रोत्साहन दिले.

उच्च शिक्षण

शिलिंग यांनी मँचेस्टर येथील व्हिक्टोरिया विद्यापीठात विद्युत अभियांत्रिकीच्या अभ्यासक्रमाला प्रवेश घेतला. त्या विभागात त्या वेळी विद्यार्थिनींची संख्या अगदी तुरळक होती. १९३२ मध्ये त्यांनी पदवी मिळवली आणि आणखी एक वर्ष तेथेच राहून यांत्रिकी अभियांत्रिकीत पदव्युत्तर पदवी संपादन केली. विद्युत शाखेकडून यांत्रिकी शाखेकडे झालेले हे वळण त्यांच्या इंजिनांच्या आवडीला धरूनच होते.

हा काळ जागतिक मंदीचा होता आणि अभियंत्यांना नोकरी मिळणे दुरापास्त झाले होते. शिलिंग यांना बर्मिंगहॅम विद्यापीठात प्राध्यापक मकलो यांच्या हाताखाली संशोधन साहाय्यक म्हणून काम मिळाले. सुपरचार्जर जोडलेल्या एक-सिलिंडरी इंजिनांचे वर्तन हा तेथील संशोधनाचा विषय होता. सुपरचार्जर हे इंजिनात हवा दाबाने भरणारे यंत्र होय. हवा जास्त भरली की तिच्याबरोबर जाळण्यासाठी इंधनही त्याच प्रमाणात जास्त लागते. इंधन कमी पडले तर इंजिन तापते, त्यात ठोके पडू लागतात आणि दट्ट्यांना इजा होते; इंधन जास्त झाले तर ते नीट जळत नाही, धूर होतो आणि शक्ती घटते. हवा आणि इंधन यांच्या प्रमाणाचा हा प्रश्न पुढे मर्लिन इंजिनाच्या बाबतीत त्यांच्यासमोर निर्णायक स्वरूपात उभा राहिला.

ब्रुकलँड्स आणि सुवर्णतारा

सरे परगण्यातील ब्रुकलँड्स हा १९०७ मध्ये खुला झालेला, खास मोटार शर्यतींसाठी बांधलेला शर्यतमार्ग होता. त्याची लांबी सुमारे साडेचार किलोमीटर असून वळणांवर काँक्रीटचे उंच, तिरपे उतार होते. या मार्गावर शर्यतीत ताशी १०० मैलांहून (सुमारे १६१ किमी) अधिक सरासरी वेगाने फेरी पूर्ण करणाऱ्या मोटारसायकलपटूला ब्रिटिश मोटारसायकल शर्यत संघाकडून सुवर्णताऱ्याचे मानचिन्ह दिले जाई.

शिलिंग यांच्याकडे नॉर्टन कंपनीची एम-३० ही ५०० घन सेंटिमीटर क्षमतेची मोटारसायकल होती. तिच्या इंजिनात त्यांनी स्वतः फेरफार करून तिची शक्ती वाढवली. १९३४ मध्ये त्यांना सुवर्णतारा मिळाला. ब्रुकलँड्सवर त्यांनी ताशी १०६ मैल (सुमारे १७१ किमी) वेगाची फेरी नोंदवली. त्याच वर्षी त्यांच्याआधी फ्लॉरेन्स ब्लेंकिरॉन यांनी हा मान मिळवला होता, तर १९३९ मध्ये थेरेसा वॉलक यांनी तो मिळवला. ब्रुकलँड्सच्या इतिहासात हा सुवर्णतारा मिळालेल्या महिला या तीनच होत. शिलिंग यांनी नोएल पोप यांच्यासारख्या व्यावसायिक शर्यतपटूंनाही मागे टाकले होते.

शर्यतीचे इंजिन स्वतः जुळवून त्यावर स्वार होणाऱ्या व्यक्तीला इंधनपुरवठ्यातील खोट आकड्यांच्या तक्त्यातून कळण्याआधी इंजिनाच्या आवाजातून आणि ओढीतून कळते. शिलिंग यांच्या पुढील कामात या अनुभवाचा मोठा वाटा होता.

फार्नबरो येथील कार्य

१९३६ मध्ये शिलिंग फार्नबरो येथील रॉयल एअरक्राफ्ट एस्टॅब्लिशमेंटमध्ये रुजू झाल्या. विमाने, इंजिने, उपकरणे व शस्त्रे यांची चाचणी आणि संशोधन करणारी ही ब्रिटनमधील सर्वांत महत्त्वाची सरकारी संस्था होती. १९३९ ते १९४२ या काळात वरिष्ठ तांत्रिक अधिकारी या नात्याने विमान-इंजिनांच्या कार्बोरेटरविषयीचे संशोधन व विकास यांची जबाबदारी त्यांच्याकडे होती.

मर्लिन इंजिनाचा दोष

मर्लिन हे रोल्स-रॉइस कंपनीचे बारा सिलिंडरांचे, २७ लिटर क्षमतेचे आणि सुपरचार्जर असलेले इंजिन होते. युद्धाच्या सुरुवातीच्या काळात ते एक हजारांहून अधिक अश्वशक्ती देत असे. १९४० मध्ये १०० ऑक्टेनचे पेट्रोल उपलब्ध झाल्यावर सुपरचार्जरचा दाब दर चौरस इंचाला सव्वासहा पौंडांवरून १२ पौंडांपर्यंत वाढवण्याची मुभा वैमानिकांना मिळाली. अर्थात त्याबरोबर इंजिनाची इंधनाची भूकही वाढली.

या इंजिनात इंधन पुरवण्याचे काम कार्बोरेटर करीत असे. इंजिनावरच चालणारे पंप टाकीतील पेट्रोल ओढून कार्बोरेटरच्या फ्लोट कक्षात पोहोचवीत. या कक्षातील पेट्रोलची पातळी वर चढली की त्यावर तरंगणारा फ्लोट झडप बंद करी आणि पातळी खाली गेली की झडप उघडून पेट्रोल आत घेई. मोटारसायकलीच्या किंवा जुन्या मोटारीच्या कार्बोरेटरमध्येही हीच रचना असते. घराच्या छतावरील पाण्याच्या टाकीतील बॉलकॉक याच तत्त्वावर चालतो.

जर्मन लुफ्तवाफेच्या मेसरश्मिट बीएफ १०९ या विमानातील डाइमलर-बेंझ डीबी ६०१ इंजिनात कार्बोरेटर नव्हता. त्यात पंपाद्वारे प्रत्येक सिलिंडरमध्ये मोजून इंधन थेट दाबाने सोडले जाई. रोल्स-रॉइसच्या अभियंत्यांनी मात्र विचारपूर्वक कार्बोरेटर ठेवला होता. सुपरचार्जरच्या आधी हवेत मिसळलेल्या पेट्रोलची वाफ होताना मिश्रण थंड व दाट होते आणि त्यामुळे इंजिनाला अधिक शक्ती मिळते, हे त्यामागचे कारण होते. हा फायदा खरा होता, परंतु फ्लोट कक्षाची रचना गुरुत्वाकर्षण नेहमी खालच्याच दिशेने जाणवेल या गृहीतकावर उभी होती.

लढाऊ विमानाच्या वैमानिकाने दांडा एकदम पुढे लोटला की विमानाचे नाक झपाट्याने खाली जाते आणि वैमानिक आसनावरून उचलला जातो. या अवस्थेला ऋण गुरुत्व म्हणतात. या वेळी फ्लोट कक्षातील पेट्रोल तळातून उसळून वरच्या बाजूला जाते आणि तळाशी असलेली इंधननळीची छिद्रे उघडी पडतात. इंजिनाला क्षणभर इंधन मिळत नाही आणि ते अडखळते. ही दोषाची पहिली पायरी होती.

दुसरी पायरी त्याहून वाईट होती. फ्लोटचे कामही उलटे होऊन झडप सताड उघडी राही. पंपांची क्षमता इंजिनाच्या गरजेपेक्षा बरीच जास्त ठेवलेली असे, कारण कोणत्याही परिस्थितीत इंजिन उपाशी राहू नये हे धोरण होते. झडपेची आडकाठी गेल्यावर हे पंप आपल्या पूर्ण क्षमतेने पेट्रोल आत लोटीत. कक्ष तुडुंब भरून पेट्रोल इंजिनात शिरे, मिश्रणात इंधनाचे प्रमाण बेसुमार वाढे, धुराड्यांतून काळा धूर निघे आणि इंजिनाची शक्ती नाहीशी होई. विमान पुन्हा सरळ झाले तरी साचलेले जादा पेट्रोल जळून जाईपर्यंत इंजिन सावरत नसे.

१९४० च्या उन्हाळ्यात फ्रान्सवरील आणि नंतर ब्रिटनवरील हवाई लढाईत या दोषाची किंमत चुकवावी लागली. पाठलाग होत असलेला जर्मन वैमानिक नाक खाली करून सरळ सूर मारी. त्याच्या मागे तसाच सूर मारणाऱ्या ब्रिटिश वैमानिकाचे इंजिन ऐन मोक्याच्या वेळी दगा देई. त्यामुळे ब्रिटिश वैमानिक आधी विमान अर्धे उलटे फिरवीत आणि मग सूर मारीत. असे केल्याने पेट्रोल कक्षाच्या तळाशीच राही आणि इंजिन चालू राही. परंतु यात जाणारे क्षण शत्रूला निसटून जाण्यास पुरेसे ठरत. ब्रिटिश वैमानिकाच्या मागे शत्रू लागला असेल, तर सरळ खाली सूर मारून निसटण्याची वाट त्याला बंदच होती.

प्रवाह मर्यादित करणारी चकती

कायमचा उपाय म्हणजे वेगळ्या रचनेचा कार्बोरेटर बनवणे. त्याला वेळ लागणार होता आणि लढणारी विमाने कारखान्यात परत पाठवणे शक्य नव्हते. शिलिंग यांनी दोषाच्या दोन पायऱ्या वेगळ्या केल्या. पहिल्या पायरीत इंजिन क्षणभर अडखळते, पण लगेच सावरू शकते. खरा घात दुसऱ्या पायरीत, म्हणजे पंपांनी आत लोटलेल्या जादा पेट्रोलमुळे होतो. झडप पूर्ण उघडी राहिली तरी इंजिनाला पूर्ण शक्तीवर जेवढे पेट्रोल लागते तेवढेच आत आले, तर कक्ष तुंबणार नाही, हा त्यांच्या उपायाचा गाभा होता.

त्यानुसार त्यांनी इंधनवाहिनीत, कार्बोरेटरच्या तोंडाशी बसणारा एक छोटा अडथळा तयार केला. सुरुवातीला तो शिवणकामाच्या अंगुस्तानासारखा, मध्यभागी छिद्र असलेला पितळी तुकडा होता. नंतर त्याला वॉशरसारख्या सपाट चकतीचे सुटसुटीत रूप देण्यात आले. त्यात हलणारा एकही भाग नव्हता. सगळी करामत छिद्राच्या मापात होती. छिद्र मोठे राहिले तर जादा पेट्रोल आत येई आणि दोष कायम राही. ते लहान झाले तर पूर्ण शक्तीवर इंजिनाला पेट्रोल कमी पडे आणि चढाई करताना किंवा शत्रूला गाठताना इंजिन निकामी होण्याचा धोका उद्भवे. म्हणून इंजिनाच्या कमाल इंधनखर्चाची नेमकी माहिती आवश्यक होती. सुपरचार्जरचा दाब बदलला की हा खर्चही बदलतो. त्यामुळे चकतीचे दोन प्रकार बनवण्यात आले. एक दर चौरस इंचाला १२ पौंड दाबाने चालणाऱ्या इंजिनांसाठी आणि दुसरा १५ पौंड दाबाच्या इंजिनांसाठी होता.

संस्थेच्या दप्तरी या साधनाची नोंद आर.ए.ई. रिस्ट्रिक्टर अशी होती. वैमानिकांनी मात्र त्याला मिस शिलिंग यांचे छिद्र असे थट्टेखोर, द्वयर्थी नाव दिले आणि तेच रूढ झाले.

विमानतळांवरील मोहीम

या चकतीचा सर्वांत मोठा गुण म्हणजे ती बसवण्यासाठी विमान सेवेतून काढावे लागत नसे. इंधनवाहिनीचा जोड उघडून चकती आत ठेवायची आणि जोड पुन्हा आवळायचा, एवढेच काम होते. मार्च १९४१ पर्यंत शिलिंग आपल्या छोट्या पथकासह रॉयल एअर फोर्सच्या लढाऊ विमानांच्या तळांना भेटी देऊन या चकत्या बसवून घेऊ लागल्या होत्या. या दौऱ्यांसाठी त्या आपली जुनी नॉर्टन मोटारसायकल वापरीत. तिची शर्यतीची साधने त्यासाठी काढून टाकली होती.

चकती बसवल्यानंतर वैमानिकांना नाक खाली करून शत्रूचा पाठलाग करता येऊ लागला. इंजिन क्षणभर अडखळले तरी बंद पडण्याची भीती राहिली नाही. प्राण पणाला लावून लढणाऱ्या वैमानिकाचा आपल्या इंजिनावरील विश्वास परत येणे हाही या उपायाचा मोठा लाभ होता.

मर्यादा आणि रूढ गैरसमज

शिलिंग यांच्या कार्याविषयीच्या लोकप्रिय लेखनात काही अतिशयोक्त विधाने आढळतात. चकतीमुळे ब्रिटनवरील हवाई लढाई जिंकली गेली, हे त्यांपैकी एक होय. ही लढाई जुलै ते ऑक्टोबर १९४० या काळात झाली, तर चकत्या सर्वत्र बसवण्याचे काम १९४१ च्या सुरुवातीच्या महिन्यांतले आहे. १९४० मधील वैमानिक या दोषासह, त्यावर स्वतः शोधलेल्या युक्त्या वापरूनच लढले.

चकतीने दोष पूर्णपणे नाहीसा झाला, हे दुसरे विधानही बरोबर नाही. तिने पेट्रोल तुंबणे थांबवले. ऋण गुरुत्वात इंधनाची छिद्रे उघडी पडणे ही पहिली पायरी तशीच राहिली, त्यामुळे विमान फार वेळ उलटे उडवता येत नसे. अमेरिकन बेंडिक्स कंपनीचा दाबाखाली इंधन सोडणारा कार्बोरेटर १९४३ च्या सुमारास मर्लिन इंजिनांवर आल्यावर फ्लोट कक्षावरील अवलंबित्व संपले. तोपर्यंतची सुमारे दोन वर्षे शिलिंग यांच्या चकतीने निभावून नेली. युद्धकाळात उपलब्ध साधनांनिशी, कमीत कमी वेळात आणि एकही विमान जमिनीवर न अडकवता उपाय करणे हे तिचे खरे महत्त्व आहे.

मोटार अभियांत्रिकीच्या संदर्भात

शिलिंग यांनी हाताळलेला प्रश्न केवळ विमानांपुरता नाही. मोटारीच्या इंजिनाची शक्ती वाढवताना टर्बोचार्जर किंवा सुपरचार्जर बसवला जातो. मग मूळचा इंधन पंप अपुरा पडू लागतो आणि त्याच्या जागी अधिक क्षमतेचा पंप बसवावा लागतो. पंप अपुरा असेल तर नेमक्या पूर्ण शक्तीच्या वेळी मिश्रणात इंधन कमी पडते आणि इंजिनाची हानी होते. परंतु मोठा पंप बसवल्याने काम संपत नाही. फ्लोट कक्ष असलेल्या कार्बोरेटरमध्ये पंपाचा दाब प्रमाणाबाहेर गेला, तर झडप आपल्या बैठकीवर टिकत नाही आणि कक्ष तुंबतो. म्हणून अशा पंपासोबत दाब नियंत्रक लावावा लागतो. इंधन दाबाने सोडणाऱ्या अनेक इंजिनांतही नियंत्रक ठरावीक दाब राखतो आणि उरलेले इंधन परतीच्या नळीने टाकीत पाठवतो.

शर्यतीच्या मोटारीत वेगाने वळण घेताना टाकीतील पेट्रोल एका बाजूला सरकते आणि पंपाच्या तोंडाशी पेट्रोलऐवजी हवा येते. यासाठी टाकीत आडव्या-उभ्या पट्ट्या घालतात किंवा पंपाजवळ नेहमी भरलेली राहणारी छोटी टाकी जोडतात. स्पिटफायरच्या फ्लोट कक्षात पेट्रोल वर उसळत असे, येथे ते बाजूला सरकते; दोन्ही ठिकाणी इंधन जेथे असायला हवे तेथे त्या क्षणी नसते. इंजिनाला किती इंधन जास्तीत जास्त लागते हे आधी जाणून मग पुरवठ्याची साधने ठरवावीत, हे शिलिंग यांच्या चकतीमागचे तत्त्व आजही लागू पडते.

युद्धोत्तर कार्य

युद्धानंतरही शिलिंग फार्नबरो येथेच राहिल्या. ब्लू स्ट्रीक या ब्रिटिश क्षेपणास्त्राच्या प्रकल्पाशी संबंधित कामात त्यांचा सहभाग होता. ओल्या धावपट्टीवर उतरणाऱ्या विमानाचे ब्रेक कितपत लागतात, या विषयावरही त्यांनी संशोधन केले. चाक आणि धावपट्टी यांच्यामध्ये पाण्याचा थर आला की चाकाची पकड सुटते. जेट विमानांचा उतरण्याचा वेग वाढला तसा हा प्रश्न प्रवासी व लष्करी अशा दोन्ही विमानांसाठी गंभीर बनला होता. रॉयल एअर फोर्सच्या चमूसाठी बर्फावरील शर्यतीच्या बॉबस्लेची रचना करण्यातही त्यांनी मदत केली. १९६७ मध्ये अमेरिकन शर्यतपटू डॅन गर्नी यांच्या ईगल या फॉर्म्युला वन मोटारीचे इंजिन अतिशय तापत असे; त्यावर उपाय शोधण्यासाठी शिलिंग यांचे साहाय्य घेण्यात आले. १९६९ मध्ये त्या सेवानिवृत्त झाल्या.

वैयक्तिक जीवन आणि मोटार शर्यती

सप्टेंबर १९३८ मध्ये शिलिंग यांचा विवाह जॉर्ज नेलर यांच्याशी झाला. नेलर हेही फार्नबरो येथे अभियंता होते आणि मोटारसायकल शर्यतींत भाग घेत. नेलर यांनीही ब्रुकलँड्सचा सुवर्णतारा मिळवल्यावरच शिलिंग यांनी लग्नाला होकार दिला, अशी आख्यायिका सांगितली जाते. युद्धकाळात नेलर रॉयल एअर फोर्समध्ये बॉम्बफेकी विमानांचे वैमानिक होते.

युद्धानंतर हे दाम्पत्य मोटार शर्यतींकडे वळले. आपल्या घरच्या कार्यशाळेत ते मोटारींमध्ये स्वतः फेरफार करीत. १९५९ ते १९६२ या काळात गुडवुड येथील शर्यतींत त्यांनी बरेच बदल केलेली ऑस्टिन-हीली स्प्राइट नियमितपणे उतरवली आणि काही वेळा पहिल्या तीन क्रमांकांत स्थान मिळवले. पुढे त्यांनी एल्वा कंपनीची फॉर्म्युला ज्युनियर गटातील एक-आसनी मोटारही घेतली.

१८ नोव्हेंबर, १९९० रोजी वयाच्या ८१ व्या वर्षी शिलिंग यांचे निधन झाले.

सन्मान आणि स्मृती

युद्धकाळातील कार्याबद्दल शिलिंग यांना ब्रिटिश सरकारकडून ऑर्डर ऑफ द ब्रिटिश एम्पायर हा किताब मिळाला. सेवानिवृत्तीच्याच वर्षी, १९६९ मध्ये, सरे विद्यापीठाने त्यांना सन्माननीय डॉक्टरेट प्रदान केली. विमेन्स इंजिनिअरिंग सोसायटीशी त्यांचा दीर्घकाळ संबंध राहिला.

मॅथ्यू फ्रॉइडेनबर्ग यांनी लिहिलेले त्यांचे चरित्र, निगेटिव्ह ग्रॅव्हिटी, २००३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांची शर्यतीतील काही मानचिन्हे व चषक २०१५ मध्ये ब्रुकलँड्स संग्रहालयाने मिळवले. लंडन विद्यापीठाच्या रॉयल हॉलोवे महाविद्यालयातील एका इमारतीला बिॲट्रिस शिलिंग यांचे नाव देण्यात आले असून ती २०१८ मध्ये खुली झाली. त्यांनी तेहतीस वर्षे जेथे काम केले त्या फार्नबरो गावातील एक पबही त्यांच्या टिली या टोपणनावाने ओळखला जातो.